गजभिये मॅडमचं तिसरं मशीन

"आन हे गेलं तर?" हा गजभिये मॅडमचा ठरलेला प्रश्न. तो त्या कुणालाही, कुठंही आणि कशाबद्दलही विचारत. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मांडवामागं एकच जनरेटर धडधडताना पाहून त्यांनी मांडववाल्याला गाठलं आणि विचारलं. कटंगीच्या बसच्या ड्रायव्हरला स्टेपनीकडे बोट दाखवून विचारलं. माझ्या बायकोनं हौसेनं नवा चष्मा दाखवला, तेव्हा "छान दिसते" म्हणून झाल्याबरोबर विचारलं, "आन हा गेला तर? जुना ठेवला ना जवळ?" त्या गेल्यावर बायको म्हणाली, "बाई लय चांगल्या हायेत, पन त्यायच्याशी बोललं का आपल्या घरातलं सगळं आजच फुटनार हाय असं वाटते."

प्रमिला गजभिये हे त्यांचं नाव. बालाघाटला एका ट्रस्टचं सिकलसेलच्या रुग्णांसाठी केंद्र होतं. तिथं त्या कॉम्प्युटरचं सगळं पाहत आणि मी औषधं देत असे. सिकलसेल हा रक्तातला, जन्मापासूनचा आजार. आमच्या भागात तो वस्तीवस्तीत आहे. लेकरं हाडांच्या दुखण्यानं कळवळतात, रक्त कमी होतं, मग ते बाहेरून द्यावं लागतं. पुन्हा पुन्हा परकं रक्त घेऊन काहींच्या अंगात असं काही तयार होतं की पुढं गट जुळला तरी कुणाचंही रक्त चालत नाही. अशा रुग्णाला कोणतं रक्त द्यायचं नाही, ही एक ओळ म्हणजे त्याचा जीव असतो. आमच्याकडे या ओळी कॉम्प्युटरमध्ये असत, आणि त्यातली एकही हरवू नये हे मॅडमचं काम.

त्या हैदराबादला एका कंपनीत मोठ्या पगारावर होत्या. आई आजारी पडली म्हणून परत आल्या आणि बालाघाटातच राहिल्या. उंच, खांदे जरा पुढं वाकलेले, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. सर्व्हरच्या खोलीत एसी असायचा म्हणून वैशाखातही अंगावर स्वेटर. सकाळी आत येताना वॉचमनला हलक्या आवाजात "जय भीम" म्हणत; तो चौबे, पण त्यानंही हळूहळू "जय भीम, मैडम" म्हणायला सुरुवात केली होती. डबा रोज एकच, भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काढूनही त्या दोनच बोटांनी टाइप करत. आणि एखादी महत्त्वाची आज्ञा लिहून झाली की एंटर दाबायच्या आधी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत, लिहिलेली ओळ ओठ हलवत वाचत, मगच दाबत. रिसेप्शनवरच्या मुली त्यांची नक्कल करत. मॅडमना ते ठाऊक होतं. "हसा. पन हात तसाच ठेवत जा," एवढंच म्हणत.

आमच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये होत्या तो पोस्टग्रेस, फुकट मिळणारा आणि सगळ्यांसाठी खुला. मॅडमना त्याचा अभिमान होता, जसा एखाद्याला आपल्या गावच्या शाळेचा असतो. दुपारी बिनदुधाचा चहा पिताना त्या मला त्याच्या गोष्टी सांगत. मला निम्म्या कळत. बालाघाटच्या मशीनवर जे लिहिलं जाईल ते त्याच घटकेला कटंगीच्या आमच्या दुसऱ्या केंद्रातल्या मशीनवर उतरत होतं, एवढं मात्र पक्कं कळलं होतं. इथली इमारत जळाली तरी तिथं सगळं राहील. प्रती ठेवायच्या रीती पुष्कळ होत्या: सगळ्याची प्रत ठेवा, नाहीतर थोडक्या भागाची, दुसरीकडे पोचल्याचा निरोप येईपर्यंत थांबा, नाहीतर थांबू नका.

"थांबलं तर लोक लायनीत उभे राह्यतात," त्या सांगत. "नाही थांबलं तर शेवटचं लिवलेलं दुसरीकडं पोचलं का नाही, ते सांगता येत नाही. फुकटात काही भेटत नाही, किशोरभाऊ. यात बी नाही."

त्यांनी मधली वाट काढली होती. साध्या नोंदी न थांबता होत. रक्ताची ताकीद असेल तर मात्र ती दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय पडद्यावर "नोंद झाली" असं येतच नसे. आणि मधली लाइन तुटली तर कटंगीला फक्त वाचता येई, लिहिता येत नसे. तिथल्या सिस्टर अशा वेळी कागदावर उतरवून ठेवत आणि लाइन आल्यावर टाकत. कटकटीचं होतं, पण चालत होतं.

हे बिघडायला एक उद्घाटन कारण झालं. कटंगीच्या केंद्रात नवा हॉल बांधला होता आणि बाहेरून मोठे पाहुणे आले होते. ट्रस्टच्या सचिवसाहेबांनी कौतुकानं त्यांना कॉम्प्युटरसमोर नेलं, एका लेकराचं नाव टाकून दाखवायला सांगितलं, आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली. पडद्यावर आलं, सध्या फक्त वाचता येईल. पाहुणे हसून पुढं गेले. सचिवसाहेब मात्र हसले नाहीत.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी औषधांच्या मागणीसाठी बसलो होतो, म्हणून हे बोलणं मी ऐकलं.

"मैडम, आजकल सब ऑटोमैटिक होता है," सचिवसाहेब म्हणाले. "एक बंद पड़ा तो दूसरा अपने आप मालिक बन जाए। हर जगह होता है।"

"हो जाएगा, सर. पर दो मशीन में नहीं. तीन चाहिए."

"तीसरी का क्या काम?"

"लाइन टूटी, तो कटंगी को कैसे समझेगा कि बालाघाट मर गया, या बस आवाज़ नहीं पहुँच रही? वो समझेगा मर गया, और खुद मालिक बन जाएगा. इधर बालाघाट भी मालिक है. दोनों अलग-अलग लिखेंगे. तीसरी मशीन लालबर्रा में रहेगी तो वो गवाही देगी कि कौन ज़िंदा है. जिसके साथ दो, वही लिखेगा."

सचिवसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिसरं मशीन मागवलं. ते लालबर्र्याला पोचलंही. पण तिथल्या आमच्या केंद्राच्या प्रतीक्षागृहात एक मोठा टीव्ही लावला होता आणि त्यावर ट्रस्टच्या कार्यक्रमांची चित्रफीत दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून मशीन त्याला जोडलं गेलं. मॅडम दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्यांदा परत आल्यावर माझ्या खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "माह्या साक्षीदाराले हार घातलेल्या लोकायचे फोटो दाखवाले बसवलं जी." आणि आपण होऊनच हसल्या.

इकडे नागपूरच्या एका कंपनीच्या इंजिनिअरनं सचिवसाहेबांच्या सांगण्यावरून दोनच मशीनवर सगळं आपोआप होईल असं करून टाकलं, आणि ताकीद दोन्हीकडे लिहून होईपर्यंत थांबायची मॅडमची अटही काढली. मॅडमनी मीटिंगमध्ये पुन्हा विरोध केला. "आप बहुत डरती हैं," असं उत्तर मिळालं.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. त्या आईसोबत दवाखान्यात होत्या, आणि इकडे रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं कटंगीच्या वाटेवर केबल तोडली. मॅडम रोज फोन करत. रिसेप्शनवरून उत्तर जाई, "सगळं हिरवं हाय, मॅडम." ते खोटं नव्हतं. बालाघाटचं मशीन स्वतःला मालक समजत होतं, त्याचा दिवा हिरवा. कटंगीचंही स्वतःला मालक समजायला लागलं होतं, त्याचाही हिरवा. दोन्हीकडे लोक येत होते, दोन्हीकडे नोंदी होत होत्या आणि दोन्ही पडदे "नोंद झाली" म्हणून सांगत होते.

केबल जोडली गेली तेव्हा दोघांची गाठ पडली आणि दोन्ही मशीन गोंधळली. कंपनीच्या इंजिनिअरनं नागपुरात बसूनच तोडगा काढला. त्यानं कटंगीचं मशीन पुसलं आणि बालाघाटची प्रत तिथं पुन्हा उतरवली. त्याचं त्याच्यापुरतं काम झालं. तुटलेल्या दिवसांत कटंगीनं जे जे लिहिलं होतं ते मात्र कायमचं गेलं.

मॅडम परत आल्या, सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसल्या. दुपारी मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवरच होता आणि त्या गार खोलीत तशाच बसल्या होत्या.

"किशोरभाऊ, तुमचं गाव कटंगीकडचं ना?"

"हौ."

"रविवारी चालसान काय माह्यासंग? काय काय गेलं ते मशीन नाही सांगनार. आता मानसायलेच विचारा लागते."

मग आम्ही रविवारी रविवारी कटंगीच्या बाजूची गावं फिरलो. सिस्टरला आठवतील ती नावं घेऊन घरोघर जायचं, त्या दिवसांत केंद्रात आला होता का, काय तपासलं, काय सांगितलं, हे विचारायचं. लोक मॅडमना पाणी देत, बाज टाकत. काहींना वाटायचं की सरकारी काही वाटप आहे. ओसरीवर बसून मॅडम दोन बोटांनी लॅपटॉपवर टिपत, आणि टिपलेलं त्यांना वाचून दाखवत. बहुतेक सगळ्या नोंदी अशा परत मिळाल्या. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि झाल्यावर कुणी विचारलंही नाही.

एक घर मात्र बंद होतं. काजल नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं. सिस्टरला एवढंच आठवत होतं, "तिचा नागपूरचा रिपोर्ट त्याच दिवसायत आलता. मी टाकला, तिच्या मायले बी सांगतलं. पन त्यात नेमकं काय होतं ते आता डोक्यात नाही जी." दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं की मायलेकी वीटभट्टीवर गेल्या आहेत, तुमसरच्याही पुढं कुठंतरी, आणि फोन बंद लागतो. मॅडमनी नागपूरच्या लॅबला फोन केला. त्यांना पावतीचा नंबर हवा होता, आणि पावती भट्टीवर गेलेल्या आईजवळ.

तेव्हा मॅडमनी काजलच्या नावावर पडद्यात वरच एक लाल पट्टी लावली: नोंद अपुरी आहे, विचारल्याशिवाय रक्त देऊ नये. अशा आणखी काही शंकेच्या नावांवरही लावल्या.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्यांनी त्यांच्या भावाचं सांगितलं. एकदाच. त्याआधी कधी नाही आणि नंतरही नाही.

"माहा लहान भाऊ होता, मिलिंद. गोंदियाले कॉलेजात होता. तिकडंच दुखनं उठलं. त्याले कोनतं रक्त चालत नाही ते आमच्या फाइलीत लिवून होतं. फाइल बालाघाटले. तिकडून दोस्त फोन करून राह्यले, इकडं लागून नाही राह्यला. डॉक्टरले काय मालूम? त्यायनं जुळलं ते देलं."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"फाइल घरीच होती जी. कपाटात. एकदम व्यवस्थित," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर कापणी झालेली धानाची बांधी होती, पार दूरपर्यंत.

ऑपरेशननंतर आई जेमतेम पावसाळ्यापर्यंत राहिली. ती गेली तेव्हा मॅडमनी रजा घेतली. आम्ही सगळे पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, जाऊन आलो. वंदना झाली, लोक जेवून गेले, आणि मॅडम आईच्या औषधांचा डबा घेऊन माझ्यापाशी आल्या. "यातलं कोनाले कामाचं असंल तर द्या. तारखा पाहून घ्या," म्हणाल्या.

त्याच रजेत इकडे ट्रस्टला पैसे देणाऱ्या लोकांची भेट ठरली. सचिवसाहेबांनी आदल्या दिवशी सगळं फिरून पाहिलं. पडद्यावर जागोजाग लाल पट्ट्या दिसल्या. "ये लाल-लाल क्या है? देखने वाले को लगेगा हमारा काम अधूरा है," म्हणाले, आणि कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. त्यानं एका ओळीची आज्ञा दिली. सगळ्या पट्ट्या बालाघाटातून गेल्या आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत कटंगीतूनही गेल्या. दोन प्रती ठेवायची व्यवस्था अगदी उत्तम चालू होती. लिहिलेलं जसं लगेच पोचायचं, तसं पुसलेलंही पोचलं.

त्या आठवड्यात काजलला बालाघाटच्या एका दवाखान्यात आणलं. भट्टीवरून घरी आल्यावर ती पडली होती. तिथल्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे आमच्या केंद्राला फोन करून विचारलं, हिच्या नावावर काही ताकीद आहे का. रिसेप्शनवरच्या मुलीनं पडदा पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, काही नाही. त्यांनी रक्त जुळवून पाहिलं. जुळलं. या आजारात असं होतं; अंगातला विरोध काही महिन्यांत एवढा उतरतो की तपासणीत दिसत नाही, आणि रक्त चढल्यावर पुन्हा उसळतो. तो फक्त जुन्या नोंदीतूनच कळू शकतो. रक्त दिल्यावर पहिले काही दिवस ती बरी होती. मग लघवी काळी झाली, कावीळ चढली. तिला नागपूरला हलवायचं चाललं होतं, तेवढ्यात ती गेली.

मॅडम रजेवरून आल्या त्या सकाळी त्यांनी आधी पडदा उघडला. पट्ट्या नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. बालाघाटच्या मशीनचा रोजचा वेगळा बॅकअप त्या ठेवत, त्यातून पट्ट्या काढल्या आणि एकेक नाव तपासत परत लावल्या. तासाभरात झालं. मग माझ्या खिडकीपाशी आल्या. मी गोळ्या मोजत होतो.

"मधात कोनी आलतं काय जी? पट्टीवाल्यायपैकी?"

मी गोळ्या खाली ठेवल्या. "काजल आलती, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं मला सांगावं लागलं नाही. खिडकीची चौकट त्यांनी हातानं धरली होती, ती बराच वेळ सोडली नाही. मागं लाइनमध्ये उभी असलेली एक म्हातारी "बाई, सरक ना थोडी" म्हणाली, तेव्हा त्या बाजूला झाल्या.

सचिवसाहेबांच्या खोलीतून त्या दिवशी आवाज आला नाही. मॅडम आत गेल्या आणि बाहेर आल्या. नंतर सचिवसाहेबच मला म्हणाले, "अस्पताल ने मैच करके ही दिया था न? इसमें हमारी क्या गलती?" पण हे म्हणताना ते माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

त्या रविवारी आम्ही परत काजलच्या घरी गेलो. या वेळी कुलूप नव्हतं. तिची आई, बेबीबाई, दारातच तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून उठली, आतून पाणी आणलं.

"तुमी मांगं बी येऊन गेल्या होत्या म्हने," ती म्हणाली. "शेजारीन सांगत होती."

"हौ. कुलूप होतं," मॅडम म्हणाल्या.

"भट्टीवर होतो जी."

मॅडमनी तिला सगळं सांगितलं. लाइन तुटली ते, नोंद पुसली गेली ते, पट्टी लावली ते, पट्टी काढली ते. काही लपवलं नाही आणि कुणाचं नाव घेऊन त्याच्यावर ढकललंही नाही. सोप्या शब्दांत सांगत होत्या, पण मला वाटतं बेबीबाईला त्यातलं फार कळलं नसावं. ती ऐकत राहिली आणि सुपातल्या तांदळावरून हात फिरवत राहिली.

मग ती म्हणाली, "डॉक्टरनं मले इचारलं होतं बाई. पोरीले पयले कधी रक्ताचा तरास झालता काय, कोनी काही सांगतलं काय म्हनून."

"मंग?"

"मी म्हनलं, सगळं कॉम्प्युटरमंदी हाय. सिस्टरनं सांगतलं होतं ना, टाकून देलं हाय, आता कुठंबी गेले तरी दिसते, तुमाले ध्यानात ठेवाचं काम नाही." ती थांबली. "सिस्टरनं सांगतलं तवा मले ध्यानात होतं जी. कागद बी होता. मंग म्हनलं, कॉम्प्युटरमंदी हाय तर काहून ध्यानात ठेवाचं?"

 मॅडम म्हणाल्या, "मी अजून एकदा याले पायजे होतं."

"आल्या असत्या तरी आमी कुठं होतो घरी," बेबीबाई म्हणाली. तिनं ते समजूत काढायला म्हटलं होतं. आम्ही निघालो तेव्हा तिनं मॅडमच्या हातात वाटीभर निवडलेले तांदूळ बांधून दिले. मॅडमनी नको म्हटलं नाही. बसमध्ये ती पुरचुंडी त्यांनी बालाघाट येईपर्यंत मांडीवर धरली होती.

त्यानंतर तिसरं मशीन मिळालं. मीटिंग झाली नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. लालबर्र्याचा टीव्ही बंद झाला, मशीन आतल्या खोलीत गेलं आणि मॅडमनी आपल्या रीतीनं तिघांची जोडणी केली. आता लाइन तुटली की ज्याच्या बाजूनं दोघं तोच लिहायचा, एकटा पडलेला गुपचूप थांबायचा. त्या वर्षात वादळानं खांब पडले, केबल पुन्हा तुटली, बालाघाटची वीज दिवसदिवस गेली. एकही ओळ इकडची तिकडं झाली नाही. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण काही झालंच नव्हतं. मॅडमचंही बोलणं कमी झालं होतं. चहाच्या वेळी त्या पोस्टग्रेसच्या गोष्टी सांगत नसत. मी मुद्दाम एखादा प्रश्न काढला तर म्हणत, "चालते बापा ते. चालू द्या."

आणि मग ट्रस्टच बंद पडला. पैसे देणाऱ्यांनी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या आजाराचं काम घेतलं. आम्हाला शेवटच्या पगारासोबत शाल मिळाली.

नोंदींचं काय करायचं हा प्रश्न फक्त मॅडमना पडला. त्या या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरल्या. सगळीकडे लोक नीट बोलले. एका ठिकाणी "हमारे फॉर्मेट में दीजिए" म्हणाले. मॅडमनी महिनाभर बसून त्यांच्या साच्यात बसवून दिलं, तोवर त्या साहेबांची बदली झाली होती. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की नवी गणना होणार आहे, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या ठिकाणी त्यांना दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं, मग पाणी विचारलं. सिकलसेलची मोठी योजना येणार आहे म्हणे, तिच्यात सगळं होईल.

शेवटी मॅडमनी प्रत्येक रुग्णाचं कार्ड छापलं. कटंगीच्या बाजारात, लालबर्र्याच्या स्टँडवर आम्ही उन्हात टेबल टाकून ती वाटली. निम्मी माणसंही आली नाहीत. कुणी कामाला बाहेरगावी, कुणाच्या लेखी केंद्र बंद म्हणजे काम संपलं. उरलेली कार्डं मॅडमनी आपल्या घरी नेली.

मशीन भंगारात निघणार होती. मी म्हणालो, "तुमच्याजवळ ठेवून घ्या ना एक प्रत, मॅडम. तुमच्याहून कोन सांभाळनार?"

"नावं माहे नाहीत, भाऊ. ट्रस्ट होता तवर ट्रस्टच्या भरोशावर देले लोकायनं. आता मी कोन?" त्या म्हणाल्या. "आन ह्या पोरींचे लग्न व्हायचे हायेत. कोनाले काय आजार हाय ते भंगारवाल्याच्या दुकानातून निंगालं तर?"

एका दुपारी त्या रिकाम्या केंद्रात त्या पुसायला बसल्या. मी दारात उभा होतो. आधी त्यांनी तिन्ही मशीनमधला संबंध तोडला. मी म्हटलं, "एका जागी पुसलं का सगळीकडं जाईलच ना आपोआप?"

"जाईल. पन हे मले हातानं करू द्या."

त्यांनी आधी लालबर्रा, मग कटंगी, मग बालाघाट असं एकेक पुसलं. दर वेळी ओळ लिहून हात मांडीवर ठेवला, वाचली आणि दाबली. शेवटचं झाल्यावर पडद्यावर एक रिकामी ओळ लुकलुकत राहिली. मॅडमनी स्वेटर काढला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. एसी आता बंद होता, खोलीत चांगलाच उकाडा होता. बाहेर चौबे कुलूप घेऊन उभा होता. तो "जय भीम, मैडम" म्हणाला. मॅडमनी त्याला नुसते हात जोडले.

नंतर मी एका औषधाच्या दुकानात लागलो. मॅडम दिसेनाशा झाल्या. घर विकलं नव्हतं, पण दार बंदच असायचं.

दीडेक वर्षानं, सासुरवाडीला जायला बालाघाटच्या स्टेशनवर गेलो होतो. गोंदियाच्या गाडीला वेळ होता. फलाटाच्या टोकाला पिंपळाखालच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप. केस बरेच पांढरे झाले होते. मी जवळ गेलो तर सरकून जागा केली.

"कुठं चालल्या, मॅडम?"

"कुठं नाही. इथं नेटवर्क चांगलं भेटते. घरी काम होत नाही जी."

बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरून करत होत्या. डेटाबेसचंच. मी विचारलं, चांगलं चाललं आहे का.

"एकदम चांगलं. पाच ठिकानी प्रती हायेत. दोन तर समुद्राच्या पल्याड. एक गेलं का दुसरं उठते, कोनाले समजत बी नाही. मागतलं ते सामान देतात. एक ओळ जात नाही."

"काय असते त्यात?"

मॅडमनी पडद्यावरून नजर उचलली नाही. "चपला," त्या म्हणाल्या. "ऑनलाइन दुकान हाय. कोनी कोनती चप्पल पाह्यली, आन न घेता सोडून देली, ते."

 त्या हसल्या नाहीत. तेवढ्यात गाडी आली. मी "येतो, मॅडम" म्हटलं, त्यांनी मान हलवली. डब्यात जागा मिळाली ती खिडकीची. गाडी हलली तेव्हा मी वाकून पाहिलं. उतरलेले लोक बाहेर निघून गेले होते, चहावाला पुढच्या फलाटाकडे चालला होता, आणि मॅडम एकट्याच त्या बाकावर वाकून दोन बोटांनी काहीतरी लिहीत होत्या.